गावात राहून सीईटी, नीट, जेईई: अकरावीच्या जूनपासून परीक्षेच्या दिवसापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गातली निम्मी पोरं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. दर जूनमध्ये पालक विचारतात, "सर, क्लास कोणता लावावा?" मी त्यांना म्हणतो, क्लासचं मागाहून बघू. आधी पेपर कसा असतो ते समजून घ्या आणि तहसीलचे कागद काढायला लागा. इतक्या वर्षांत मी हुशार पोरांच्या जागा जाताना पाहिल्या, त्या बहुतेक याच दोन कारणांनी. दोन्ही गोष्टी जूनमध्ये जवळजवळ फुकट करता येतात.

पायरी १: कोणती परीक्षा कशासाठी, ते आधी नक्की करा

इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी पदवी यांसाठी राज्याची एमएचटी-सीईटी. तिचे दोन गट आहेत: गणितवाल्यांचा पीसीएम आणि जीवशास्त्रवाल्यांचा पीसीबी. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांसाठी नीट. पशुवैद्यकीय पदवीलाही नीटच लागते, हे घरी गाई-म्हशी असणाऱ्या पोरांनाही माहीत नसतं. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थेत जायचं तर जेईई मेन. आयआयटी हवी असेल तर मेनमधून वर आलेल्या अडीच लाखांत बसून पुढे जेईई अ‍ॅडव्हान्स्ड.

जीवशास्त्र घेतलेल्यांनी नीटबरोबर सीईटीचा पीसीबी गटही भराच. "मला डॉक्टरच व्हायचं आहे" म्हणून सीईटीचा फॉर्म न भरलेली पोरं जूनमध्ये माझ्याकडे येतात. नीटला मार्क कमी पडलेले असतात आणि बी.फार्म. किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या बी.एस्सी. अ‍ॅग्रीचा सोपा रस्ता त्यांनी आधीच बंद केलेला असतो. फॉर्म भरायला एक तास लागतो. तो भरून ठेवा.

आपल्या सीमेवरच्या तालुक्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. राज्यातल्या सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून भरतात. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, शिवाय काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. गडचिरोली, गोंदियाकडची पोरं नातेवाईक आहेत म्हणून तेलंगणात किंवा छत्तीसगडमध्ये बारावी करतात, कोणी क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेत नाव घालतं. नाव घालण्याआधी हा नियम वाचा. बारावी झाल्यावर त्याला उपाय उरत नाही.

पायरी २: पेपरचा हिशेब पाठ करा

पुस्तक उघडण्याआधी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सीईटी पीसीएम २०० मार्कांची, संगणकावर. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. पीसीबीला गणिताच्या जागी जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरवून दिलेल्या धड्यांवर, बाकी बारावीवर.

आता या आकड्यांकडे नीट बघा. पीसीएममध्ये अर्धे मार्क एकट्या गणिताचे आहेत. गणिताला घाबरून भौतिक-रसायनावर भर देणारा विद्यार्थी अर्धा पेपर आधीच सोडून देतो. अकरावीचं वर्ष "बोर्डाची परीक्षा नाही" म्हणून आपल्याकडे सुट्टीसारखं जातं, पण तिथे २०० पैकी सुमारे ४० मार्क पडलेले असतात. अकरावीचे सगळे धडे लागत नाहीत. सीईटी घेणारं राज्याचं कार्यालय, म्हणजे सीईटी सेल, धड्यांची यादी देतं, ती उतरवून घ्या आणि तेवढेच धडे बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात पक्के करा.

वेळेचंही तसंच. भौतिक-रसायनाला प्रश्नामागे ५४ सेकंद मिळतात, गणिताला १ मिनिट ४८ सेकंद. माझ्या विद्यार्थ्यांना मी रसायन आधी सोडवायला सांगतो. त्यातले बरेच प्रश्न येतात किंवा येत नाहीत, रेंगाळण्यात अर्थ नसतो. रसायनाला प्रश्नामागे ४० सेकंद धरले तर ३३-३४ मिनिटांत तो भाग संपतो आणि भौतिकच्या प्रत्येक गणिताला ६८ सेकंद मिळतात. ते १४ सेकंद फार कामाचे असतात. शेवटची दोन मिनिटं सुटलेल्या प्रश्नांना काही ना काही उत्तर देण्यासाठी राखून ठेवा. सीईटीत रिकामा प्रश्न सोडणं म्हणजे पिकलेलं बोंड झाडावरच ठेवून येणं.

नीटचं गणित वेगळं. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क, कागदावर, गोल भरायची ओएमआर पत्रिका. बरोबरला ४, चुकीला उणे १. जीवशास्त्राचे ९० प्रश्न म्हणजे तिथेही अर्धा पेपर एकाच विषयाचा. जेईई मेनला ७५ प्रश्न, ३०० मार्क, आणि तिथेही ४ आणि उणे १.

उणे मार्कांबद्दल पोरं एकतर फार घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. हिशेब करून बघा. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनांतला एक निवडल्यावर सरासरी दीड मार्क हाती लागतो. तिथे उत्तर द्यावं. काहीच कळलं नसेल तर सरासरी फायदा पाव मार्काचा, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि नशीब फिरलं तर नुकसान खरं. सर्वात धोक्याचा प्रश्न अर्धवट आठवणाऱ्या धड्याचा असतो. पेपर काढणारा चुकीचे पर्याय नेमके अर्धवट आठवणाऱ्यासाठीच लिहितो.

पायरी ३: कागद आत्ताच काढायला लागा

ही पायरी मी मुद्दाम अभ्यासाच्या आधी ठेवली आहे. अभ्यास तुमच्या हातात असतो, कागद दुसऱ्याच्या हातात.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीला सीईटीत सुरेख पर्सेंटाइल मिळाला. जातीचं प्रमाणपत्र होतं, पण जात वैधता, म्हणजे ते प्रमाणपत्र पडताळणी समितीनं तपासल्याचा दाखला, नव्हती. तिचे वडील दोन महिने कामधंदा सोडून फिरले. मला म्हणाले, "सर, पोरगी पास झाली, मीच नापास झालो." मुदतीत कागद आला नाही आणि तिला खुल्या प्रवर्गातून, घरच्यांना न झेपणारी फी भरून प्रवेश घ्यावा लागला. तेव्हापासून अकरावीच्या पहिल्या पालकसभेत मी आधी हाच विषय काढतो.

जात प्रमाणपत्र वेगळं आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञानाचे विद्यार्थी कॉलेजमार्फत करू शकतात. तो अकरावीतच करा. त्याला जुना पुरावा लागतो आणि तारीख प्रवर्गाप्रमाणे बदलते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद. आजोबा-पणजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली कागद, यांत ती सापडते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकापासून सुरुवात करा. नावाचं स्पेलिंग, आडनाव, आजोबांचं टोपणनाव यात फरक निघाला तर तो दुरुस्त करायला महिने जातात, म्हणूनच इतकी घाई. अनुसूचित जमातींची पडताळणी समिती वेगळी असते, अर्ज नेमका तिकडेच जातोय ना, तेही पाहा.

ओबीसी, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्रही लागतं, आणि ते प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच असतो, म्हणून तो फार आधी काढून उपयोग नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, राष्ट्रीयत्व हे सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार' या पोर्टलवरून मिळतात. आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

कागदांचा दुसरा फायदा फीत आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. मुलीच्या शिक्षणाला "खर्च झेपत नाही" म्हणणाऱ्या बापाला हे छापून दाखवा. महाज्योती ही संस्था नागपूरचीच. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, अकरावी विज्ञानाला गेलेल्या विद्यार्थ्यांना ती सीईटी-नीट-जेईईचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब देते. त्याचे अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात. ती जाहिरात सुटू देऊ नका.

पायरी ४: पुस्तकं थोडीच, पण पुन्हा पुन्हा

सीईटीसाठी बालभारतीची बारावीची पुस्तकं हाच पाया. ती ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात. नीट आणि जेईईसाठी एनसीईआरटी, तीही मोफत. नीटच्या जीवशास्त्राला तर एनसीईआरटी ओळ न् ओळ लागते. चित्रांखालचे मजकूर, तक्ते, कोपऱ्यातल्या चौकटी, काहीच सोडू नका. राज्य मंडळाच्या मुलांनी एवढं एक पुस्तक तरी जास्तीचं वाचावंच. व्हिडिओ पाहायचे तर आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचं साथी हे पोर्टल मोफत आहे.

मराठी शाळेतून आलेल्यांचा खरा अडसर भाषेचा. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीतून निवडता येतं, गणित मात्र फक्त इंग्रजीत येतं. अकरावीच्या पहिल्या महिन्यात एक छोटी वही करा. लोकस म्हणजे बिंदुपथ, टँजंट म्हणजे स्पर्शिका, डेरिव्हेटिव्ह म्हणजे विकलज, डिटरमिनंट म्हणजे निश्चयक, हायपरबोला म्हणजे अपास्त. रोज पाच शब्द. 'अॅट मोस्ट' आणि 'अॅट लीस्ट' हे दोन तर घरच्या भिंतीवर लिहा. संभाव्यतेचं गणित येत असूनही "जास्तीत जास्त" आणि "कमीत कमी" यांची अदलाबदल करणारी पोरं मला दर वर्षी भेटतात. दोन वर्षं विज्ञान इंग्रजीत शिकला असाल तर माध्यमही इंग्रजीच ठेवा, परीक्षेत मराठी संज्ञा अनोळखी वाटतात.

गणिताची सुरुवात हाताला लवकर येणाऱ्या धड्यांपासून करा: तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रामिंग, बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन. मग व्हेक्टर, लाइन अँड प्लेन. इंटिग्रेशनला सर्वात जास्त दिवस द्या, कारण पुढचं डिफरन्शियल इक्वेशन त्याच्यावरच उभं आहे.

बोर्डाची परीक्षा बाजूला टाकू नका. इंजिनिअरिंगला बारावीच्या पीसीएममध्ये ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. नीटवाल्यांना पीसीबीत ५० आणि ४०. व्हीएनआयटीसारख्या संस्थांना एकूण ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा.

पायरी ५: शेताच्या हिशेबानं वेळापत्रक

शहरातल्या पुस्तकात छापलेलं "रोज दहा तास" आपल्याकडे टिकत नाही. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीपासून कापसाची वेचणी, फेब्रुवारीत हरभरा. भंडारा-गोंदियाकडे जुलैत रोवणी. घरच्यांना हात लागतो आणि तो द्यावाही लागतो. म्हणून वर्षाचं वेळापत्रक बापाला शेजारी बसवून करा. वेचणीचे आठवडे आधीच हलके ठेवा, त्या काळात नवा धडा नको, फक्त उजळणी आणि जीवशास्त्राचं वाचन. त्याच्या बदल्यात एक गोष्ट मागून घ्या: जानेवारीनंतर शेतावर बोलावायचं नाही. माझ्या अनुभवात आई-बाप हा करार पाळतात, फक्त तो आधी बोललेला असावा लागतो.

दिवसात पहाटे चार ते सात हा वेळ सर्वात खात्रीचा. कोणी हाक मारत नाही आणि उन्हाळ्यात तेवढीच वेळ थंड असते. रात्रीच्या वीजेवर विसंबू नका, चार्जिंगचा दिवा ठेवा. एसटीच्या प्रवासात रसायनाच्या अभिक्रिया, सूत्रं यांची चिठ्ठी. गावात अभ्यासिका असेल तर उत्तम, नसेल तर मुख्याध्यापकांना भेटून संध्याकाळी शाळेची एक खोली मागा. चार पोरं मिळून मागितली तर बहुतेक मिळते.

पायरी ६: चुकांची वही

एक पायरी वगळायचीच असली तर ही सोडून कोणतीही वगळा.

दर रविवारी वेळ लावून एक सराव पेपर. तपासल्यावर प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. 'न': येतच नव्हतं. 'ह': येत होतं, हिशेबात चुकलो. 'व': प्रश्नच नीट वाचला नाही. महिन्याअखेरीस मोजा. बहुतेकांना वाटतं आपल्याला येत नाही म्हणून मार्क जातात. मोजल्यावर 'ह' आणि 'व' मिळूनच निम्म्याच्या वर निघतात असं मी कितीदा पाहिलं आहे. अशा विद्यार्थ्यानं नवं पुस्तक घेऊन काय करायचं? त्याला कच्चं काम नीट ओळीत लिहिण्याची, एकक बघण्याची, प्रश्नातल्या 'नॉट' खाली रेघ मारण्याची सवय हवी. 'न' वाले धडे वेगळे काढा, पुढच्या आठवड्याचा अभ्यास तिथूनच ठरवा.

गेल्या वर्षांचे पेपर शेवटच्या महिन्यासाठी साठवून ठेवू नका. धडा संपला की त्याच दिवशी त्यावरचे जुने प्रश्न सोडवा, म्हणजे परीक्षेत तो धडा कुठून विचारतात हे हाताला कळतं.

पायरी ७: माऊस हातात घ्या

आपली पोरं मोबाइल झरझर चालवतात आणि संगणकासमोर बसली की त्यांचे हात थबकतात. एका विद्यार्थ्यानं आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला तो परीक्षा केंद्रावर. पहिली दहा मिनिटं बाण सावरण्यातच गेली. शाळेची संगणक खोली, तालुक्याचा सायबर कॅफे, ग्रामपंचायतीतलं सेवा केंद्र, कुठेही जाऊन किमान पाच सराव परीक्षा संगणकावर द्या. सीईटी सेल आणि एनटीए (नीट-जेईई घेणारी केंद्रीय संस्था) यांच्या संकेतस्थळांवर त्या असतात. 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबण्याची सवय लावा. जेईईत उत्तर निवडून ते बटण न दाबता थेट दुसऱ्या प्रश्नाच्या आकड्यावर गेलात तर उत्तर जतन होत नाही. आकृती पडद्यावर आणि कच्चं काम कागदावर, ही मानेची ये-जा सुद्धा सरावानंच जमते. नीटवाल्यांनी याच्या उलट करावं: ओएमआरच्या छापील प्रती काढून काळ्या बॉलपेननं गोल भरण्याचा सराव.

पायरी ८: परीक्षेचा दिवस

नीट २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये मेच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला सुरू झाली. मेमधली आपल्याकडची दुपार कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. दीड वाजता फाटक बंद होतं, मग कोणाचं ऐकत नाहीत. केंद्र अमरावती, नागपूर किंवा अकोल्याला आलं असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. सकाळच्या पहिल्या गाडीच्या भरवशावर राहू नका, गाडी रद्द झाली तर वर्ष जातं. पोहोचल्यावर संध्याकाळीच केंद्र पाहून या. अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट, चप्पल, पारदर्शक पाण्याची बाटली. आदल्या दिवसापासून मठ्ठा, ओआरएस. बाहेरचं तळलेलं नको. प्रवेशपत्राच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र आणि फोटो प्लास्टिकच्या पिशवीत.

पायरी ९: निकालानंतर

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हे. तुमच्या सत्रात बसलेल्या शंभरांपैकी नव्वद जणांचे मार्क तुमच्याइतके किंवा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून शेजारच्या पोराचे मार्क विचारून उपयोग नसतो. त्याचं सत्र वेगळं असू शकतं.

मग कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीचा पसंतीक्रम. इथे पोरं भीतीपोटी खालची कॉलेजं वर टाकतात. पसंतीक्रमात पहिल्या नंबरची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. वर टाकलेलं मोठं कॉलेज मिळालं नाही तर खालच्या पर्यायांचं काहीच बिघडत नाही, यंत्रणा क्रमानं खाली येत जाते. म्हणून अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूरची शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं मनातल्या खऱ्या क्रमानं वर लिहा, खासगी खाली. टीएफडब्ल्यूएसच्या जागा वेगळ्या सांकेतिक क्रमांकानं येतात. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर त्याही भरा, तिथे शिकवणी शुल्क माफ असतं.

राहण्याचा प्रश्न प्रवेशाबरोबरच सोडवा. समाजकल्याण आणि आदिवासी विभागाच्या वसतिगृहांचे अर्ज त्याच दिवसांत निघतात. अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतो आणि त्याला अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो. तलाठ्याकडे सातबारा काढायला जाल, त्याच फेरीत या दाखल्याचीही चौकशी करून या.